सल्ल्याचे कसले पैसे?

४ ऑगस्ट

आज आरतीचं ऑफिस सुरू झालं. जुन्नरच्या जुन्या बाजारपेठेत, बांगडीवाल्याच्या शेजारची खोली. मधे प्लायवूडचा आडोसा घालून तिचे दोन भाग केलेत. आत वकिलीणबाई, बाहेर टेबल-खुर्ची टाकून मी. सून वकिलीची परीक्षा पास झाली तेव्हा वाडीत पेढे वाटले होते, पण दारावर तिच्या नावाची पाटी बघून आज जी छाती फुगली तशी तेव्हाही फुगली नव्हती. आमच्या बायकोने, लंकाबाईने नारळ फोडला. तो एका झटक्यात फुटला म्हणून ती दिवसभर खुशीत होती.

मी बाहेर बसावं ही आरतीचीच कल्पना. म्हणाली, "मामा, बायका एकट्या वकिलाकडे यायला बिचकतात. तुम्ही दारात दिसलात की आत येतील." खरं आहे. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. इकडच्या डोंगरातल्या एकूण एक वाडीचं माणूस मला ओळखतं, आणि कोण सुट्टे पैसे लपवून शंभराची नोट काढतो हे मलाही माहीत आहे.

एक गोष्ट दिवसभर डोक्यात घोळतेय ती लिहून टाकतो. आरती पुण्यात ज्या वकिलांच्या हाताखाली शिकली त्यांनी तिच्यासाठी जागा राखून ठेवली आहे. पगाराची. एक डिसेंबरला हजर व्हायचं. तोवर जुन्नरात जम बसला तर ठीक, नाहीतर आरती, आमचा सुदर्शन आणि नात मोहिनी, तिघांचं बिऱ्हाड पुण्याला. सुदर्शनने हे मला जेवताना सांगितलं. मोहिनी माझ्याच ताटात जेवत होती. पुढचा घास काही मला गिळवला नाही.

ऑफिस चाललंच पाहिजे. त्यासाठी जे करावं लागेल ते मी करीन.

९ ऑगस्ट

पहिली अशील आली. आमच्याच वाडीची झुंबरबाई. नवरा वारल्यापासून माहेरी असते, पण भावांच्या जिवावर नव्हे. ओढ्याकाठचं एक भातखाचर ती स्वतः करते आणि त्यावर तिचं वर्ष निघतं. आता भाऊ म्हणतात, बाकीच्या बहिणींसारखी तूही हक्कसोडावर सही दे. म्हणजे बापाच्या जमिनीतला माझा वाटा मी सोडला, असं लिहून द्यायचं. आमच्याकडे बहिणी देतातच. भाऊ साडी नेसवतो, जेवण होतं, विषय मिटतो.

आरती तिच्याशी तासभर बोलली. मुद्दाम ऐकलं नाही, पण प्लायवूड पातळ आहे. "इतक्यात सही करू नका. खाचर तुमच्या नावावर कसं राहील ते आपण बघू. सातबारा काढा आणि पुढच्या आठवड्यात परत या." पोरीचा आवाज असा शांत, की मलाही वाटलं आपण आत जाऊन काहीतरी सल्ला घ्यावा.

मग झुंबरबाई बाहेर आली आणि पदराची गाठ सोडायला लागली. आरतीने आत एक छोटी पाटी ठेवली आहे, सल्ला फी पाचशे रुपये. मी म्हटलं, "ठेव गं बाई. सून माझी, वाडी आपली. पैसे कसले देतेस?"

ती बघतच राहिली. "आसं कसं भाऊ?"

"असंच," मी म्हटलं. चहा पाजला आणि तिला गाडीत बसवून दिलं.

तासभर बोलायचे पाचशे! आणि कागद तर एकही केला नाही. कागद केला, शिक्का मारला, तर माणूस पैसे देईल. नुसत्या सल्ल्याचे कसले पैसे? एसटीत मी सख्ख्या मेव्हण्याला तिकीट फाडल्याशिवाय बसू दिलं नाही, पण ते पैसे महामंडळाचे होते. हे घरचं आहे, घरच्यासारखंच चालवायचं.

१० ऑगस्ट

आरतीला कालचं कळलं. म्हणाली, "मामा, फीचं मी बघते. तुम्ही फक्त लोकांना बसवा." मी तिला समजावलं. म्हटलं, "पोरी, आधी गाडी भरू दे. भरलेली गाडी बघून रस्त्यातली माणसं हात करतात." ती हसली. तिला पटलं असावं.

२१ ऑगस्ट

गाडी भरली! झुंबरबाईने वाडीत सांगितलं, वाडीने पंचक्रोशीत. आज बाकड्यावर जागा नव्हती. एकाचा बांधाचा वाद, एकीच्या पोराची फारकत, एकाला नुसतंच विचारायचं होतं की वकील होण्यासाठी किती शिकावं लागतं. त्यालाही आत पाठवला. सगळ्यांना चहा. जाताना प्रत्येक जण खिशात हात घालायचा, मी तो हात धरायचो. त्या पाटीचं तोंडही मी दुपारी भिंतीकडे करून ठेवलं, आलेल्या माणसाला उगाच ओशाळं वाटायला नको.

लोक काय काय बोलून गेले! "रामदासभाऊ, तुमी देवमाणूस." "सून असावी तर आशी." मला तर संध्याकाळी घरी जाताना पाय जमिनीला लागत नव्हते.

आरती फार दमली होती. गाडीत खिडकीला डोकं लावून डोळे मिटून बसली. उद्यापासून तिच्यासाठी घरून ताक न्यायचं.

३ सप्टेंबर

आज डोकं फिरलं. आपटाळ्याच्या एका माणसाचा दावा आरतीने दाखल केला. तो चौकात सगळ्यांना सांगत होता, "फुकाट फुकाट म्हनत्यात आन हजाराच्या वर काढलं माझ्याकडनं." मी तावातावाने आरतीला विचारलं, "घेतलेस का गं?"

तिने मला खुर्चीवर बसवलं आणि मोहिनीला पाढे शिकवते तसं सांगितलं. कोर्ट फी कोर्टात भरायची, ती सरकारची. स्टॅम्प सरकारचा. टायपिंगचे समोरच्या टायपिस्टचे. झेरॉक्सचे झेरॉक्सवाल्याचे. पोस्टाचे पोस्टाचे.

"आणि तुझे?"

"माझे अजून कुठे आलेत मामा? तुम्हीच त्यांना सांगितलं ना, नंतर बघू म्हणून."

इतकी वर्षं मी समजत होतो की कोर्ट फी म्हणजे कोर्टात उभं राहिल्याबद्दल वकिलाला मिळते ती. म्हणजे एवढ्या गर्दीत टायपिस्ट कमावतो, झेरॉक्सवाला कमावतो, आणि आमची पोर पदरचा चहा पाजते. थोडं चुटपुटल्यासारखं झालं. पण सुरुवात आहे. माणसं जोडली की पैसा येतो.

१५ सप्टेंबर

सगळे मिळून लेण्याद्रीला गेलो. पायथ्याला पुरातत्त्व खात्याची तिकीट खिडकी. आपल्याच गणपतीला जायला आपणच तिकीट काढायचं, हे मला कधी पटलेलं नाही. मी आरतीला म्हटलं, "थांब, खिडकीवरचा माणूस ओळखीचा निघतो का बघतो."

"नको मामा," ती म्हणाली आणि सगळ्यांची तिकिटं काढून आली. पायऱ्या चढताना सांगत होती, दोन हजार वर्षांची लेणी आहेत, कुणीतरी झाडायला, डागडुजी करायला ठेवलेलं असतं, त्यांचा पगार कुठून यायचा? मी म्हटलं, बाप्पा बघेल. लंकाबाई मागून धापा टाकत म्हणाली, "बाप्पा काय झाडू मारायला येतोय व्हय?" मोहिनी हसून हसून पायरीवरच बसली.

वर बाप्पाला एकच मागितलं. पोरं इथेच राहू देत.

१२ ऑक्टोबर

सुदर्शनने आज गोठ्यात मला गाठलं. ऑफिसचं भाडं दर महिन्याला टोमॅटोच्या पैशातून जातंय म्हणाला. मी म्हटलं, "अरे पण गर्दी बघ!" तो म्हणाला, "गर्दी दिसती अण्णा. पण एकदा आलेला माणूस परत दिसत न्हाई. आरती आतल्या आत झुरती, तुमच्याफुडं बोलत न्हाई एवढंच."

परत कशाला दिसेल? काम झालं म्हणून दिसत नाही. डॉक्टरकडे माणूस बरा झाल्यावर जातो का? हे मी त्याला सुनावलं. तो वैरण टाकत राहिला.

पण घरात आलो तर लंकाबाईने हळूच सांगितलं. आरती फोनवर पुण्याच्या साहेबांना म्हणत होती, "हो सर, येईन बहुतेक. महिनाभरात नक्की सांगते." माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मोहिनीच्या शाळेच्या दप्तराचा आवाज, तिचं ते माझ्या चष्म्याशी खेळणं, सगळं एकदम डोळ्यापुढे आलं. आता कंबर कसली पाहिजे. अजून माणसं आणायची.

२० ऑक्टोबर

आळ्याला आरतीच्या माहेरी साखरपुडा होता. मांडवात मी स्वतः उभा राहून सांगितलं, कुणाची काही अडचण असली तर जुन्नरला या, आपली आरती आहे, एक पैसा लागणार नाही. टाळ्या पडल्या. चांगले वीसेक जण नाव-गाव विचारून गेले.

आरतीची आई चिमाबाई वाढत होती. माझ्या पानात जिलेबी टाकता टाकता म्हणाली, "पावणं, पोरगी पुन्यात शिकत व्हती तवा दर साली फीला एकेक म्हस इकली आमी. कालिजवाल्यांनी न्हाई म्हटलं कदी, की राहू द्या, आपलीच पोर हाय."

मी म्हटलं, "विहीणबाई, कॉलेजवाल्यांना माणुसकी नसते."

ती पुढच्या पानाकडे वळली. मला दुसरी जिलेबी वाढलीच नाही. कामाच्या गडबडीत विसरली असेल.

१७ नोव्हेंबर

भात निघालं. आजपासून राघूची मेंढरं रानात. दरसाल पारनेरकडून तो कळप घेऊन येतो आणि लोक आपापल्या वावरात रात्रीची मेंढरं बसवून घेतात. त्यांच्या लेंड्या-मुताने रान असं पिकतं की रासायनिक खताने पिकणार नाही. पण राघूची एक रीत आहे. आधी बोली, मग मेंढरं. बांधावर बसून रात्रीचं किती धान्य, किती रोख, हे ठरेपर्यंत कळपातलं एक कोकरू वावरात पाऊल टाकत नाही. मीही घासाघीस केली, पण शेवटी बोली झाली आणि दोघांनीही समाधानाने तंबाखू मळली.

राघूच म्हणाला, "पावणं, बोली झाली म्हंजी कसं, मला बी धाक आन तुमाला बी धाक. पहाटं मेंढरं लवकर उठवली तर तुमी मला शिव्या घालू शकता."

घरी आल्यावर मी लंकाबाईला ठरलेला आकडा सांगितला. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "मेंढरं नुसती बसत्यात तरी मोजून देता. आन माजी सून दिसभर बसून लोकांची डोकी निस्तरती, तिला एक पैसा घिऊ देत न्हाई. मेंढरापरास गेली व्हय ती?"

मला राग आला. म्हटलं, मेंढरं खत टाकतात, आरती काय टाकते?

हे बोललो खरं. आता लिहिताना ते कागदावर बघवत नाही. पण खोडत नाही, तसंच राहू दे.

२३ नोव्हेंबर

आजचा दिवस मी विसरणार नाही.

दळण घेऊन गिरणीत गेलो तर पुढे झुंबरबाई. मला बघितलं आणि पदर पुढे ओढून पोत्याआड सरकली. मला गंमत वाटली. म्हटलं, "अगं, सातबारा आणून देणार होतीस ना आरतीला? तीन महिने झाले."

"न्हाई आणला भाऊ." मग म्हणाली, "बुधवारी सही हाय. भिकादादा जुन्नरला नेणार हाय रजिस्टराला."

"सही? आणि खाचर?"

"जातंय."

"वेडी का काय! आरतीने तुला परत यायला सांगितलं होतं."

तेव्हा ती माझ्याकडे सरळ बघून बोलली. गिरणी चालू होती म्हणून जवळजवळ ओरडूनच बोलली. "कोणत्या तोंडानं येऊ भाऊ? पयल्यांदा घंटाभर फुकाट बसले, वर तुमचा चा पिऊन आले. परत परत फुकाट जायाला मी काय झोळी घिऊन निघाले व्हय? तुमी पैसं घेतलं असतंत तर हक्कानं आले असते. चार डाव आले असते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या बाईने नवऱ्यामागे भावाच्या घरचा कधी घास उगाच खाल्ला नाही, तिला मी माझ्या दारात मिंधी करून ठेवली, आणि वर देवमाणूस म्हणवून घेत होतो. पीठ तसंच गिरणीत ठेवून घरी आलो.

आरतीला सगळं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल, निदान रडेल. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, मला वाटत होतं झुंबरबाईंना माझं बोलणं पटलं नाही. एकही माणूस दुसऱ्यांदा येत नव्हता. मी रोज तेच धरून बसले होते, की आपल्याला हे काम येतच नाही. म्हणून तर पुण्याला हो म्हणत होते."

आणि मी समजत होतो, पोर पगारासाठी चालली आहे. रोज आडोशापलीकडे बसूनही मला हे दिसलं नाही. तिला जवळ घेऊन म्हणावंसं वाटलं, चुकलो गं माझे आई. आमच्याकडे सासरे असं म्हणत नाहीत. मी म्हटलं.

२४ नोव्हेंबर

सकाळी उठून झुंबरबाईच्या खोपटावर गेलो. ती अंगण सारवत होती. आयुष्यभर लोकांकडे पैसे मागितले, खांद्याला बॅग लावून, ओरडून मागितले. पण आज तिच्याकडे बघून मागता येईना. शेवटी भिंतीकडे बघत बोललो.

"झुंबरबाई, आरतीच्या सल्ल्याची फी पाचशे आहे. तुझी मागची राहिली. ती दे, आणि उद्या ऑफिसला ये."

तिने सारवण खाली ठेवलं. हात धुतले. आत गेली. बराच वेळ आली नाही, तेव्हा मला वाटलं, आता ही माझ्या अंगावर शेणाचं पाणी टाकते. पण ती आली ती साडी बदलून, केस विंचरून. हातात पाचशे. मी नोटा मोजून खिशात ठेवल्या, तिच्यासमोर मोजल्या, म्हणजे तिला बरं वाटेल.

"उद्या कशाला? आजच येते," ती म्हणाली. "आन वकिलीणबाईला सांगून ठेवा, आता माजं समदं नीट ऐकून घ्यायचं. मधीच घड्याळाकडं बघायचं न्हाई."

एवढी ताठ उभी राहिलेली झुंबरबाई मी पहिल्यांदा बघितली. रविवार असूनही आरतीने ऑफिस उघडलं. मी पाटीचं तोंड भिंतीकडून फिरवून समोर केलं आणि ती ओल्या फडक्याने पुसली.

२७ नोव्हेंबर

नोंदणी कार्यालयाच्या दारातच भिका भडकला. झुंबरबाईचा थोरला भाऊ, आमच्या भजनातला माझा जोडीदार. बहीण वकील घेऊन आली हे बघून त्याने हातातली साडीची पिशवी काखेत दाबली. मला म्हणाला, "कंडक्टर, पैशापायी तुमच्या सुनेनं भावाबहिणीत काडी घातली!" आजूबाजूची माणसं बघत होती. तीन महिने देवमाणूस ऐकलेल्या कानांना हे फार लागलं.

आरतीने दोघांना बाहेरच्या बाकावर बसवलं. भिकाला म्हणाली, "दादा, त्यांना सगळ्या जमिनीत वाटा नको आहे. त्या करतात ते एक खाचर त्यांच्या नावावर होऊ द्या. बाकीचं त्या सोडतायत. आणि माहेरही त्यांना हवं आहे." झुंबरबाई मधेमधे तोंड घालत होती, "आन वाटंचं बी लिहा! आन पाटाच्या पाण्याचं!" आरती एकेक गोष्ट टिपून घेत होती. भिका तासभर फुगून बसला. मग म्हणाला, खाचर गेल्यानं मी काय भिकंला लागणार न्हाई. आजची सही झाली नाही. कागद नव्याने करायचे ठरले.

उठताना भिकाने आरतीला विचारलं, "ह्या नव्या कागदाचं तुमचं किती?"

सवयीने माझं तोंड उघडलं. आरतीने माझ्याकडे बघितलं. मी खाकरलो आणि भिकाला आकडा सांगितला. स्टॅम्प वेगळा, नोंदणीची फी वेगळी आणि वकिलाची वेगळी, तिन्हींची फोड करून सांगितली. तो म्हणाला, "मग आता मोकळ्या मनानं सांगतो वकिलीणबाई, कागदात माजं बी एक कलम हाय," आणि पुन्हा बाकावर बसला.

संध्याकाळी भजनाला मात्र आला नाही. त्याच्याशिवाय पखवाज मला पेलत नाही. येईल कधीतरी.

२९ नोव्हेंबर

परवा एक तारीख. घरात त्याबद्दल कुणी शब्द काढत नाही. लंकाबाई उगाच डबे घासत बसते. मला विचारायची हिंमत होईना, म्हणून मी एक वेगळंच काम केलं, जे झुंबरबाईमुळे गेले चार दिवस मनात होतं.

आज ऑफिसात माझ्या टेबलावर बसलो नाही. बाकड्यावर बसलो, इतरांच्या ओळीत. माझ्याआधी दोन बायका होत्या, दोघींनीही आत फी दिली. एक तर दुसऱ्यांदा आली होती. माझा नंबर आल्यावर आत गेलो आणि पाचशे रुपये टेबलावर ठेवले.

"हे काय मामा?"

"आत्ता मामा नाही. अशील आहे."

मला वाटलं ती हसेल आणि पैसे परत सरकवेल. तिने क्षणभर नोटांकडे बघितलं. मग पावतीपुस्तक काढलं, माझं पूर्ण नाव लिहिलं, पावती फाडून माझ्या हातात दिली. खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "बसा. बोला, काय काम आहे?"

आणि मला बोलताच येईना. सहा वर्षं ही पोर माझ्या घरात आहे. तिला भाकरी करताना बघितलं, तापलेल्या मोहिनीला मांडीवर घेऊन बसलेली बघितलं. पण समोर बसून, सगळं लक्ष माझ्याकडे लावून, माझ्या बोलण्याची वाट बघणारी वकील मी आज पहिल्यांदा बघितली. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि थांबून राहिली.

मग सांगितलं. सातबाऱ्यावर माझं एकट्याचं नाव आहे. त्याला लंकाबाईचं नाव लावायचं. उद्या मी नसलो तर तिला कुणाच्या दारात सहीसाठी उभं राहायला नको. आरतीने डोळे मिटून उघडले. मग मला प्रश्न विचारले, आणि असे विचारले की माझ्या स्वतःच्या जमिनीबद्दल मला किती कमी माहीत आहे ते कळलं. जमीन माझ्या नावावर चढल्याचा जुना फेरफार काढायला सांगितला. शेवटी डायरी चाळून म्हणाली, "कागद घेऊन सतरा डिसेंबरला या. अकरा वाजता."

मी संध्याकाळी घरी येऊन तणतणलो. म्हटलं, बघा, रोकडा मोजून दिला, घरचा माणूस, एका चुलीवर जेवणारा, आणि त्याला एवढी लांबची तारीख! अकरा वाजता या म्हणे. मी रोज तिच्याबरोबर एकाच एसटीने जातो.

लंकाबाईच्या हातातून डबा खाली पडला. ती तशीच उठली आणि आरतीला मिठी मारून रडायला लागली. आरतीही रडायला लागली. मोहिनी दोघींच्या मधे घुसली. मला काही कळेना. म्हटलं, "अगं, फी मी भरली आणि रडतेस तू?"

"अवो," लंकाबाई पदराने नाक पुसत म्हणाली, "सतरा डिसेंबरला ती हितं हाय."

मग मी आरतीला तारीख परत एकदा विचारली. तिने परत एकदा सांगितली.